मळीतली खोल पेर

मी तिफण बोलतेय. परवा शहरातून आलेली कुणाची तरी सूनबाई मला बघून म्हणाली, ही मोडकी शिडी अजून कशाला ठेवलीय? ऐकून घेतलं मी. ज्या वस्तूचं काम संपतं तिचं नावही लोकांच्या तोंडून जातं, त्याला ती तरी काय करणार.

ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांना सांगते. खाली बाभळीच्या जाड लाकडात बसवलेले तीन फण, त्यांतून वर आलेल्या वेळूच्या पोकळ नळ्या, आणि त्या तिन्ही नळ्या जिथं एकत्र येतात तिथं लाकडाची एक वाटी. त्या वाटीला चाडं म्हणतात. पुढं बैल चालतात, त्यांना एकजण हाकतो, आणि मागून दुसरं माणूस चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत येतं. मूठ सैल पडली की रोपं दाटीनं उगवतात, आवळली की रानाला टक्कल पडतं. म्हणून मूठ कुणाची, हे आमच्याकडं फार बघतात.

माझ्या चाड्यावरची मूठ मथुराबाईची. आणि तीसुद्धा नुसती म्हणायला नव्हे हं. तेर गावाच्या खालच्या अंगाला, तेरणा नदीच्या वळणावर आमचं गाव. तिथल्या बंडप्पा सुतारानं मला घडवायला घेतलं तेव्हा त्यानं मथुराबाईच्या नवऱ्याला, कोंडिबाला विचारलं की मूठ कोण धरणार. कोंडिबा म्हणाला, घरातलीच, आणखी कोण. मग बंडप्पानं मथुराबाईला बोलावून घेतलं आणि मूठ करून दाखवायला सांगितलं. ती लाजली. पदर सावरत तिनं हात पुढं केला, आणि त्या मुठीच्या अंदाजानं बंडप्पानं माझं चाडं कोरलं.

कोंडिबाच्या घरात माझ्याआधी शेतीचं एकही अवजार नव्हतं. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या औतामागं चालला. छप्पन साली त्यानं बुद्धाची दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि मान ताठ केली, पण रान काही आलं नाही. ते आलं कोंडिबाच्या वेळी. भूमिहीनांची एक सोसायटी झाली आणि तिला नदीकाठची मळी मिळाली. पूर आला की पाणी ज्या रानावर चढतं आणि उतरताना गाळ ठेवून जातं, त्याला आमच्याकडं मळी म्हणतात. तिचे पट्टे पडले. एक पट्टा कोंडिबाला आला, शेजारचा बिरू धनगराला.

आता बी कुठून आणायचं, असा प्रश्न इतर घरांना पडला. कोंडिबाच्या घरात पडला नाही. त्याची आई बनाबाई उठली, आतून एक गाडगं घेऊन आली आणि सुनेच्या पुढ्यात ठेवलं. त्यात मळीतली ज्वारी होती, पांढरीशुभ्र, टपोरी. दरवर्षी लोकांच्या मळ्यांत काढणीला गेली की मजुरीत मिळालेल्या कणसांतली सगळ्यांत भरदार कणसं बनाबाई बाजूला काढायची आणि बी म्हणून राखायची. दुसऱ्या साली ते जुनं बी खायचं, नवं राखायचं. टीचभर रान नसताना! बाया हसायच्या तिला. म्हणायच्या, बनाबाई, ढगात पेरणार हायस काय? ती कणसं निवडत राहायची. मला तर वाटतं, त्या पट्ट्यावर पहिला हक्क त्या म्हातारीचा होता.

पहिल्या पेरणीला तिनं माझ्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "नीट चाल गं बाई."

कोंडिबाकडं एकच बैल होता, बिरूकडंही एकच. मग दोघांनी वारंगुळा केला. म्हणजे तुझा एक, माझा एक, जोडी जुंपायची आणि आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं. तिफण मीच, आणि मूठ दोन्ही रानांत मथुराबाईची. बिरूच्या रानात गेले की त्याची बायको सिताबाई मला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची. कोंडिबाच्या रानात असलं काही नसायचं. सिताबाई कुंकू लावत असताना कोंडिबा बैलांच्या दाव्याशी उगाच खटपट करत तिकडं तोंड करून हसायचा. मला काय, मला दोन्हीकडं मानच होता. बिरूच्या भावकीतल्या काही जणांनी नाकं मुरडली. धनगराच्या रानात त्यांच्या बाईची मूठ कशाला, असं पारावर बोलले. बिरूनं त्यांना पीक आल्यावर बांधावर यायचं निमंत्रण दिलं आणि विषय मिटवला.

ते दोन-तीन हंगाम माझे सुखाचे गेले. भादव्यात नदी मळीवर यायची, गाळ टाकून जायची. मथुराबाई रोज जाऊन गाळाचं ढेकूळ हातात दाबून बघायची. पायाला चिकटायचा बंद झाला की सांगायची, आता घाला तिफण. ओली माती माझ्या फणांना अशी गार लागायची की काय सांगू. आणि वरून नळ्यांतून दाणे उतरायचे, ठरल्यासारखे, ना कमी ना जास्त.

मग नदी यायची थांबली.

सत्तर साल कसंबसं गेलं, एकाहत्तरला पावसानं हूल दिली, आणि बहात्तरला तर आभाळानं तोंडच फिरवलं. भादवा आला नि गेला, पण तेरणेला पाणी नाही. मळी भेगाळली. माणसं रानाकडं बघायचीसुद्धा टाळायला लागली. कोंडिबानं मात्र एक दिवस कुदळ घेतली आणि पट्ट्यात खड्डा खणला. वीतभर खाली त्याला थोडी ओल लागली. तो तसाच मला खांद्यावर टाकून लोहाराकडं गेला आणि माझ्या फणांना लांब लोखंडी टोकं बसवून आणली. बी खाली ओलीपर्यंत गेलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

कसली पेरणी ती! बैलांच्या पायांत जोर नाही, मी इतकी खोल रुतलेली की त्यांच्या माना वाकल्या. लोक बांधावर उभे राहून बघत होते. पण महिनाभरानं साऱ्या मळीत कुठं हिरवं दिसत असेल तर ते कोंडिबाच्या आणि बिरूच्या पट्ट्यात. दाट नव्हतं, ठिगळं लावल्यासारखं होतं. तरी होतं. लोक येऊन माझी टोकं हात लावून बघायचे. सोसायटीचा सेक्रेटरी रामकिसन बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, कोंडिबाकडून शिका. ज्याच्या बापाला कुणी कधी बसायला सांगितलं नव्हतं त्याला चारचौघांत असं कुणी म्हणावं! त्या दिवशी तो घरी आला आणि काहीएक कारण नसताना मला पुसून काढलं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पेरणी उरकून बिरू मेंढरं घेऊन निघाला. चारा होता कुठं इथं? सिताबाईला घेऊन तो कृष्णेच्या अंगाला गेला आणि बैल कोंडिबाच्या दारात बांधला. म्हणाला, जगला तर जगव. कडब्याची शेवटची गंज संपत आली तसं दोन बैलांचं भागेना. एक विकून काढणं भाग होतं. कोंडिबानं आपला काढला. मथुराबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती एवढंच म्हणाली की बरं केलंत.

त्या ठिगळाठिगळांच्या पिकाचं जे काही निघालं ते बनाबाईनं एका गाडग्यात भरलं. वर राख, लिंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं. भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि सुनेला बजावलं की हे दोन्ही घरांचं बी आहे, बिरूचंसुद्धा. पोटाला दुष्काळी कामावरची सुकडी होती, रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, होती. पोरीला म्हातारीजवळ ठेवून कोंडिबा आणि मथुराबाई खडी फोडायला जायचे. मिलोची भाकरी हातात धरवत नाही म्हणून म्हातारी ती पाण्यात कालवून गिळायची.

उन्हाळ्यात तिला ताप भरला. मी पडवीत, दाराला लागूनच टेकलेली असायचे, त्यामुळं आतलं सगळं कानावर यायचं. ताप चढला की बनाबाई सुनेलाच आपली आई समजायची. म्हणायची, "माय, पांढरी भाकर दे गं. एक दे. अर्धी दे." लहान लेकरासारखी रडायची. आणि ताप उतरला, शुद्ध आली की पहिलं बोलणं असायचं, गाडग्याला हात लावला न्हाईस न्हवं? लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.

सांगा आता, त्या मथुराबाईनं कोणत्या सासूचं ऐकावं? एक दिवस ती कोनाड्यापर्यंत गेली. लिंपलेल्या तोंडावर तिची नखं घासल्याचा आवाज मी ऐकला. मग ती थांबली, आणि बाहेर पडवीत येऊन माझ्याजवळ मटकन बसली. कोंडिबा तेव्हा अंगणात होता. त्यानं तिला बघितलं आणि तो उठून नदीकडं चालू लागला. 

बनाबाई वैशाखात गेली. गाडगं लिंपलेलंच होतं.

आणि त्र्याहत्तर साली पाऊस आला बघा! भादव्यात तेरणा फुगली, मळीवर पसरली आणि कधी टाकला नव्हता इतका गाळ टाकून गेली. लोकांना हुरूप आला. बिरू परत आला. आपला बैल जिवंत बघून तो त्याच्या गळ्यातच पडला. कोंडिबाचा बैल कुठं गेला ते त्याला सिताबाईनं सांगितलं, तिला मथुराबाईनं सांगितलं होतं. बिरू पुढच्या बाजाराला थोड्या मेंढ्या घेऊन गेला आणि येताना एक तरणा खोंड घेऊन आला. त्याचं दावं त्यानं कोंडिबाच्या हातात दिलं आणि म्हणाला, जोडी जुंपा.

गाडगं फोडलं. मी इतकी वर्षं बी अंगावरून वाहिलंय, पण त्या दिवशी चाड्यात पडलेल्या दाण्यांचं ओझं वेगळंच होतं. एका म्हातारीच्या तोंडचा घास होता तो.

मथुराबाईनं गाळ हातात घेतला, दाबला, आणि माझ्या फणांकडं बघितलं. लांब टोकं तशीच होती. ती म्हणाली, "यंदा ही टोकं काढा. गाळ नवा हाय, ओल वरच हाय."

कोंडिबा हसला. "वरच्या ओलीवर ज्यांनी इस्वास ठेवला त्यांचं काय झालं, बघितलं न्हवं? खोल गेलेलं बी दगा देत न्हाय."

त्याचं तरी काय चुकलं? ज्यानं वीतभर खणून ओल शोधली, त्याला वरची ओल खरी वाटेना. त्यात रामकिसनचे शब्द अजून कानात होते. दुष्काळानं त्याला एक गोष्ट शिकवली होती आणि ती तो सुकाळातही सोडायला तयार नव्हता. मथुराबाईनं मूठ भरली आणि कोंडिबाचा पट्टा लांब टोकांनी पेरून झाला. तो मऊ गाळ माझ्या फणांनी जिथवर चिरला तिथवर बी गेलं, अगदी आत. मला कळत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी बिरूचं रान. सिताबाईनं हळदकुंकू लावलं, बैल उभे राहिले, कोंडिबानं कासरा हलवला. पण चाड्यावर मूठ येईना. मथुराबाई ओटीतलं बी धरून नुसती उभी होती.

कोंडिबानं वळून विचारलं, काय झालं?

"आपल्या रानात तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या रानात न्हाय ऐकायची. टोकं काढा, न्हायतर मूठ दुसऱ्या कुणाची तरी बघा."

बिरू आणि सिताबाईच्या देखत! कोंडिबाचं तोंड उतरलं. बिरू दोघांकडं बघत राहिला. मग तोच खाली बसला आणि दगडानं ठोकून ठोकून माझी टोकं काढली. म्हणाला, कृष्णाकाठी गाळात वरच पेरतात, म्या बघितलंय. त्यानं हे सहज सांगितलं, पण कोंडिबाला ते लागलं. त्या रानात तो बैल हाकत राहिला, पण एकदाही मागं वळून बघितलं नाही.

पेरणीनंतर पाऊस आला. धो धो नव्हे, भुरभुर. आणि तो थांबल्याबरोबर कडक ऊन पडलं. नव्या गाळाचं हेच वाईट. भिजून वाळला की वर खपली धरतो, भाकरीच्या पापुद्र्यासारखी, पण टणक. बिरूच्या रानातलं बी वरच होतं, ते खपली धरायच्या आत बाहेर आलं होतं. कोंडिबाच्या रानातलं अजून वाटेत होतं.

बिरूचा पट्टा हिरवा झाला. कोंडिबाचा झाला नाही. बांधाच्या या बाजूला काळं, त्या बाजूला हिरवं. एके सकाळी कोंडिबा रानात बसून बोटांनी माती उकरायला लागला. मी बांधावर पडले होते. खपलीखाली एकेक मोड सापडत गेला. वर यायची धडपड करून वाकडा झालेला, पिवळा पडलेला, कुजलेला. तो एका ओळीनं उकरत गेला, जणू एखादा तरी जिता सापडेल. मथुराबाई न्याहारी घेऊन आली. तिनं बघितलं. न्याहारीचं फडकं त्याच्याजवळ ठेवलं आणि माघारी वळली.

अहो, तिनं एक शिवी हासडली असती तरी चाललं असतं! कपाळावर हात मारून घेतला असता, सासूचं, आपल्या आत्याबाईचं, नाव घेऊन रडली असती. पण नाही. तिनं चकार शब्द काढला नाही. आणि त्यानंही नाही.

काढणीला बिरूनं आपल्या पट्ट्यातलं सगळं निवडक बी मथुराबाईच्या ओट्यावर आणून ओतलं. म्हणाला, वहिनी, हे तुमच्याच घरचं हाय. ती सासूसारखीच कणीस न् कणीस पारखून बी राखायला लागली, दोन्ही घरांचं एकाच कोनाड्यात. बनाबाईची ज्वारी वाचली. पण कोंडिबानं त्यानंतर मला हात लावला नाही. मागं धरायच्या रुमण्याला नाही, दांडीलाही नाही. पेरणीला बिरू बैल हाकायचा, मथुराबाई मूठ धरायची, आणि कोंडिबा दूर कुठंतरी कुंपणाच्या काट्या सारखत बसायचा. तो मला टाळत होता की तिला, हे मला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

तसं घर नीट चाललं होतं. भांडण नाही, तंटा नाही. रेशनवर बोलायचे, पोरीच्या लग्नावर बोलायचे, ती सासरी गेल्यावर तिच्या खुशालीवर बोलायचे. सोसायटीनं संकरित ज्वारी आणली तेव्हा घ्यावी की न घ्यावी यावरही बोलले. बाकीच्यांनी घेतली, मथुराबाईनं नको म्हटलं, कोंडिबानं मान डोलावली. पण त्या सालच्या पेरणीचा विषय आसपास जरी आला तरी एकजण उठून पाणी प्यायला जायचा. लहानसा घास घशात अडकावा आणि माणसानं त्याच्यावरूनच जेवत राहावं, तसं त्यांचं दहा वर्षं चाललं.

मग त्र्याऐंशी साल उजाडलं. त्या साली मळी वेळेवर वाफशाला, म्हणजे पेरण्याजोगी, आली. टोकं नव्हतीच, वरच पेर झाली, दोन्ही पट्टे उरकले. लोक निवांत होते, पावसाळा संपला म्हणून. आणि परतीच्या पावसानं वरच्या अंगाला काय धुमाकूळ घातला कोण जाणे, भर दुपारी तेरणा अशी आली की पाणी चढताना डोळ्यांना दिसत होतं. मळी गेली. मग पाणी वस्तीत शिरलं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. माणसं हाताला लागेल ते घेऊन शाळेकडं पळाली. कोंडिबानं बैल सोडले. मथुराबाई कोनाड्यातल्या गाडग्यासाठी परत आत वळली, तिला त्यानं दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. ती गाडगं गाडगं करत होती. तेवढ्यात मागची भिंत बसली.

मी लाकूड. मी तरंगले. नदीनं मला पडवीतून उचललं आणि घेऊन गेली. किती आपटले, कशावर आपटले, आठवत नाही. एक नळी तुटली तेवढं आठवतं. शेवटी खाली कुठंतरी बोरीच्या जाळीत अडकले आणि गाळात रुतून बसले.

पाणी उतरल्यावर मला शोधत कोण आलं असेल? कोंडिबा. चिखलात गुडघाभर बुडत, जाळी न् जाळी धुंडाळत. मी दिसले तसा तो थांबला. मग काट्यांत हात घालून त्यानं मला ओढून काढलं आणि खांद्यावर घेतलं. दहा वर्षांनी त्याचा हात लागला मला. म्हातारा झाला होता त्याचा हात.

वाटेत मळी लागली. यावेळी नदीनं गाळ टाकला नव्हता, होता तोच खरवडून नेला होता. खालचा मुरूम उघडा पडला होता. बी कुठलं शोधता तिथं? पडक्या भिंतीच्या ढिगाऱ्याशी मथुराबाई बसली होती. गाडगं तिला सापडलं होतं, फुटलेलं. आतली ज्वारी पाणी पिऊन फुगली होती आणि आंबली होती. बनाबाईनं रान नसताना राखलेली, दुष्काळात मरताना राखलेली ती ज्वारी, तिचा आंबूस वास साऱ्या अंगणात पसरला होता. एक दाणा कामाचा उरला नव्हता. बिरूचं बीही तेच.

कोंडिबानं मला टेकवलं, लोट्यानं पाणी आणलं आणि माझ्या नळ्यांतला गाळ काढायला बसला. काय करायचा होता गाळ काढून, पेरायला काही नव्हतं. पण हातांना काम पाहिजे होतं.

मथुराबाई त्याच्याकडं बघत म्हणाली, "टोकं ठिवली असती तर बी खोल राहिलं असतं. एवढं वाहून गेलं नसतं. म्याच काढायला लावली होती."

कोंडिबाचा हात थांबला. "येडी का काय तू? मळीच गेली, तिथं टोकं काय करणार. तुझी न्हाय चूक."

"मग तवा तुमचीबी नव्हती," ती म्हणाली.

 मग कोंडिबानं विचारलं, इतक्या हळू की मला जवळ असून जेमतेम ऐकू आलं. "मग दहा वरसं बोलली का न्हाईस?"

"तुमीच तोंड फिरवत हुता." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, म्या आत्याबाईला भाकर दिली न्हाय, त्याचा तुमाला राग हाय."

कोंडिबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला. इतका मोठा बाप्या, हमसून हमसून रडला. तो तिला तोंड दाखवायला लाजत होता, आईचा घास मातीत कोंडून मारला म्हणून. आणि ती समजत होती की हा मला आईची मारेकरीण समजतो. एकाच छपराखाली, एकाच ताटलीतलं मीठ खात, दोघं दहा वर्षं एकमेकांसमोर आरोपी होऊन वावरले. आणि दोघांपैकी कुणी कुणावर आरोप केलाच नव्हता! मी पडवीत उभी राहून दोघांचेही उसासे ऐकत होते. मला सगळं ठाऊक होतं. पण लाकडाला विचारतंय कोण.

त्यानंतर कोंडिबा फार वर्षं जगला नाही. पण जगला तेवढी वर्षं संध्याकाळी दोघं ओट्यावर शेजारी बसायची आणि बोलायची. कधीकधी बनाबाईबद्दल बोलायची. ढगात पेरणार हायस काय म्हणून बाया तिला कशा हसायच्या, ते आठवून मथुराबाई हसायची आणि डोळे पुसायची. बिरू आणि सिताबाई यायचे, चहा व्हायचा. ते दिवस बघायला मिळाले म्हणून मी नदीला फारशा शिव्या देत नाही.

मळीत आता सोसायटीचा ट्रॅक्टर फिरतो. बाहेरून माती आणून पट्टे भरून घेतले, पेरणीयंत्र जुंपलं. पिशवीतलं बी त्यात ओततात, मूठ लागत नाही. ज्वारी बुटकी येते, दाणे भरपूर धरते. तिला वाईट मी म्हणणार नाही, पोटं भरतात तिच्यावर. पण बनाबाईची ती उंच, पांढरी ज्वारी पुन्हा कुणाच्या रानात दिसली नाही. बिरूनं ईट-भूमकडच्या बाजारांत, पाहुण्यांच्या गावांत खूप विचारलं. मिळाली नाही.

मी भिंतीला टेकून आहे. दोन फण झिजलेत, एक नळी नाही, चाड्यात कोंबडीनं अंडी घातली होती. मथुराबाईला आता दिसत नाही फारसं. येता-जाता ती माझ्या दांडीचा आधार घेते तेवढंच काय ते माझं काम. एखाद्या थंडीत मला कुणी चुलीत घातलं तर माझी तक्रार नाही. बाभळीचं लाकूड आहे, निखारा चांगला धरेन.

जाताना तुमच्याकडं एकच मागणं आहे. ज्वारी परत आणा म्हणत नाही, गेलेलं येत नाही. पण तुमच्या घरातही कुणाचं कुणाशी असं एखादं वाक्य अडून राहिलं असेल. आज जेवायला बसाल तेव्हा ते बोलून टाका. आमच्या घरात त्या एका वाक्यासाठी नदीला आत यावं लागलं.